नाशिकची वही आणि आमच्या भिंतीवरची बाई

गावच्या घरात माजघराच्या भिंतीवर एक फोटो आहे. पगोटं बांधून खुर्चीत ताठ बसलेले पणजोबा, शेजारी नऊवारीतली पणजी, तिच्या कडेवर कुंची घातलेलं बाळ. मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा, त्यात खांब, जिना आणि प्रवरेकाठी कुणी कधी न पाहिलेलं हंसांचं तळं. कडेवरचं बाळ म्हणजे आजोबा, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ.

मागच्या दिवाळीत रंगकामासाठी फोटो उतरवला तर मागची फळी वाळवीनं खाल्लेली. फोटोच्या पुठ्ठ्यावर मात्र पेन्सिलीनं लिहिलेलं शाबूत होतं : शके १८३८. त्यात ७८ मिळवा, १९१६ येतं. आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म १ जून १९२४. आता त्या पिढीतले निम्मे लोक १ जूनलाच जन्मलेले असतात, कारण मुलांना शाळेत घालताना मास्तरांना तीच तारीख सोयीची पडायची. त्यामुळे साल वर्ष-दोन वर्षांनी इकडेतिकडे असेल, हे मान्य. पण आठ वर्षांनी?

मग बाळ कोण?

आधी तालुक्याच्या कचेरीत दोन हेलपाटे घातले. गाव नमुना १४, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून या बुकांना आणि मोडी वाचणाऱ्यांना सोन्याचा भाव आलाय. दाखल्यासाठी आलेल्यांच्या रांगेत 'फोटोतलं बाळ कोण ते बघायचंय' असं मी सांगितलं, तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अजून आठवते. आमच्या गावचं त्या सालांचं बुक 'सापडलं की कळवू' असं झालं. अजून कळवलेलं नाही.

म्हणून नाशिक. तिथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात. पुण्याहून निघाले, चाकणलाच दीड तास गेला, पोचायला दुपार टळली. लॉजच्या खोलीला ओल्या गोधडीचा वास होता आणि भाडं मात्र कुंभमेळ्याचं. पहिल्या दिवशी मिसळ सोडली तर सांगण्यासारखं काही घडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकुंडावर गेले. तिथं पाऊल ठेवल्याबरोबर चार जण 'कोणतं गाव?' म्हणत अंगावर येतात. मला आधी राग आला, मग कळलं की तीच तर या जागेची पद्धत आहे. आधी गाव, मग आडनाव, आणि मग, आवाज जरासुद्धा न बदलता, जात. मी अवघडले. विचारणारा अवघडला नाही. वह्याच तशा लावलेल्या आहेत, प्रत्येक मुलखाचे, प्रत्येक घराण्याचे तीर्थोपाध्ये ठरलेले. तीन जणांनी 'तुमचे आम्ही नाही' म्हणून पुढं पाठवलं. चौथ्या ठिकाणी, पंचवटीतल्या एका अरुंद जिन्यावरच्या खोलीत, आमचे गुरुजी सापडले.

"सासरचं बघायचं की माहेरचं?" त्यांनी विचारलं.

"माहेरचं."

"मग माहेरचं आडनाव सांगा. सासरचे तुमचे उपाध्ये वेगळे."

लोखंडी कपाटातून लाल कापडात बांधलेलं गाठोडं निघालं. वही म्हणजे आपली वही नव्हे, हातभर लांब, अरुंद, पानं जाड आणि कडांना तपकिरी झालेली. मी मोबाइल काढला तर गुरुजी म्हणाले, "तुमचं पान आलं की त्याचा घ्या. दुसऱ्यांच्या घरातलं नको." हे मला फार आवडलं. आपण आपली सगळी माहिती कुठंही भराभर भरून टाकतो, आणि इथं एक माणूस शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या लोकांची आब राखून होता.

आमचं गाव आलं. मोडीतल्या ओळी गुरुजी वर्तमानपत्र वाचावं तसं वाचत होते आणि मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. शके १८४०, कार्तिक. पणजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं, आज्याचं. पुढे : कुटुंबाच्या, म्हणजे बायकोच्या, अस्थी घेऊन आले. कुटुंबाचं नाव. कन्या १.

"पुन्हा वाचा," मी म्हटलं.

ते नाव पणजीचं नव्हतं. आमच्या घरात कुणीच कधी न उच्चारलेलं नाव होतं ते. इथंही लिहीत नाही, कारण घरातल्या सगळ्यांना अजून सांगून झालेलं नाही.

शके १८४० चा कार्तिक म्हणजे १९१८ चा नोव्हेंबर. आजोबा ज्याला मानमोडीचा ताप म्हणायचे, त्या इन्फ्लुएंझानं नुकतीच गावंच्या गावं झोपवली होती. हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं गेली असं पुस्तकात वाचलं होतं. त्यातली एक आमच्या भिंतीवर होती. पाऊसही त्या वर्षी दगा देऊन गेला होता. अशा दिवसांत हा माणूस मडकं घेऊन इथवर आला, कारण रामकुंडात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा. नोंदीखाली सही नाही, 'निशाणी डावे हाताचा आंगठा' आणि त्याशेजारी तो अंगठा. शाई जास्त लागलेली, खाली ओघळलेली. रेघा दिसतच नाहीत, नुसता काळा डाग. मी त्यावर बोट ठेवणार होते, गुरुजींनी वही हलकेच ओढून घेतली.

दोन पानं पुढे शके १८४८. पुन्हा पणजोबा, पुन्हा अस्थी. 'द्वितीय कुटुंब', आणि हे नाव आमच्या ओळखीच्या पणजीचं. पुत्र १, आजोबांचं नाव. कन्येचा उल्लेख नाही. ती मेली, की आठ वर्षांत तिचं लग्न लावून मोकळे झाले, वही सांगत नाही. आपल्याला बहीण होती असं आजोबा कधी बोलले नव्हते.

मी तिथंच चटईवर हिशोब मांडला. फोटो १९१६ चा, म्हणजे फोटोतली बाई पहिली आणि बाळ ती कन्या. आजोबा दोन वर्षांचे असताना त्यांची आई गेली, तिचा चेहरा त्यांना आठवणं शक्यच नव्हतं. आणि आयुष्यभर, दर सर्वपित्रीला, खिरीची वाटी त्यांनी या फोटोपुढं ठेवली. आई म्हणून. पणजोबा तर बाबांच्या लहानपणापर्यंत जिवंत होते, त्याच माजघरात जेवत होते. ते काही बोलले नाहीत. का बोलले नसतील याचा विचार मी परतीच्या बसमध्ये सिन्नरच्या घाटापर्यंत करत होते, मग झोप लागली.

"महालयात सापत्न मातेलाही पिंड असतो," गुरुजी वही मिटता मिटता म्हणाले. "यंदापासून नाव घेऊन द्या."

मिटण्याआधी त्यांनी शेवटची नोंद दाखवली, १९९१ च्या सिंहस्थातली. निळ्या बॉलपेननं, बाबांच्या तिरक्या अक्षरात. आईचं नाव, भावाचं नाव आणि पुढे : मुलगी १.

मी पेन मागितलं. "जुन्या लेखात खाडाखोड नाही चालत," गुरुजी म्हणाले, "खाली नवीन लिहा. हल्ली मुलीही लिहितात." लिहिलं. माझं, माझ्या दोन्ही मुलींचं, तारखेसकट. दक्षिणा त्यांनी सांगितली नाही, मी पाचशे ठेवले. कमी होते की जास्त, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

खाली येऊन बाबांना फोन केला. सगळं ऐकून ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे दादांच्या आईचा फोटोच नाही आपल्याकडं?"

"नाही."

"हं."

"आणि बाबा, तुम्ही माझं नाव का नाही लिहिलंत वहीत?"

"गर्दी होती गं सिंहस्थाची. मागं रांग लागलेली."

भावाच्या नावापुढं त्यांनी त्याचं पाळण्यातलं नावसुद्धा लिहिलंय.