माउसखालची जमीन

मे महिन्यातल्या दुपारी गुहागरच्या घरी लॅपटॉपचा टचपॅड माझं ऐकत नाही. बोट उजवीकडे न्यावं तर बाण जागच्या जागी थरथरतो, आणि मध्येच भलतीच फाइल उघडून बसतो. दोष त्याचा नाही. बोट टेकलं की पृष्ठभागावरच्या विजेत जो बारीकसा फरक पडतो, त्यावर तो चालतो, आणि इथल्या दमट हवेत बोट कोरडं असतंच कधी? पंच्यानं पुसा, परत ओलं. त्यात कोणी फणस फोडायला बोलावलं असेल तर खोबरेल तेलाचा हात.

म्हणून चिपळूणहून वायरलेस माउस आणला. दुकानदार डीपीआयचे, म्हणजे माउस इंचभर हलला की बाण किती ठिपके सरकतो त्याचे, आकडे सांगत होता. मला दिवसभर एक्सेलचे रकाने भरायचे. १००० पुष्कळ झाले. नखाएवढा रिसीव्हर ठेवायला माउसच्या पोटात खाच आहे ना, एवढं बघितलं, आणि मग विचारलं, सेल कुठला? चार्जिंगचे माउसही होते, पण पावसाळ्यात तारेवर माड आडवा झाला की चार्जिंग कशावर करणार? आमच्या वाण्याकडे डबल ए, ट्रिपल ए चालत नाही. तिथे एक घड्याळाचा सेल आणि एक रिमोटचा. मी हट्टानं घड्याळाचा सेल लागणारा माउस घेतला. रात्री दुकानं बंद झाली तरी ओटीवरच्या भिंतीवर एक सेल कायम टांगलेला असतो.

‘घड्याळ परत कसं रे थांबलं?’ काकू विचारते.

‘हवा खारी ना, काकू.’

माउसची खरी पंचाईत निघाली ओटीवर. तिथे आता गुळगुळीत, चकचकीत लाद्या आहेत. माउसच्या पोटातला इवलासा कॅमेरा खालच्या जमिनीचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो, आणि एकाशी दुसरा ताडून आपण किती सरकलो ते ठरवतो. सगळे फोटो सारखेच आले तर तो बिचारा काय ताडणार? काचेवर तर बहुतेक माउस हातच टेकतात.

गोळीच्या माउसला असली नाटकं नव्हती. (१९६४ साली डग्लस एंगेलबार्टच्या कल्पनेतून बनलेला पहिला माउस म्हणजे लाकडी खोकं आणि खाली काटकोनात दोन चाकं, गोळी नंतरची.) आमच्या शाळेत चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या खोलीत शिरायचं, माउस उलटा करायचा, झाकण फिरवायचं की गोळी तळहातावर. वरून रबर, आत पोलाद, हाताला चांगली जड. आतल्या रुळांवर चिकटलेला मळ नखानं खरवडून काढण्यात जे सुख होतं, ते कुठल्याही सॉफ्टवेअरनं मला दिलेलं नाही. एप्रिलअखेर बरेच माउस पोकळ व्हायचे, कारण सुट्टीत काजूच्या बियांचा डाव मांडला की नेम धरायला तिच्यासारखी गोळी नाही. अंगणात बिया ओळीनं उभ्या करायच्या, लांबून गोळी सोडायची. एका फटक्यात चार-पाच आडव्या. गोळ्या कोणी काढल्या, हे आता सांगण्यात अर्थ नाही. संशय सगळ्यांवर होता आणि तो रास्त होता.

तेव्हा ओटी शेणानं सारवलेली असायची. आजीच्या बोटांचे अर्धगोल एकावर एक, मध्ये कुठे गवताची काडी. आजचा माउस त्या जमिनीवर बघत राहावा असा धावला असता. पण त्या जमिनीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. मुंजीचे आहेत, लग्नाचे आहेत. सगळ्यांत जमीन सतरंजीखाली. आणि या लादीचे मात्र सेकंदाला हजार, काढायचे आणि टाकून द्यायचे.

सध्या माउसखाली शिळा पेपर घालतो. छोट्या जाहिरातींचं पान सगळ्यात बरं चालतं.