तुम्ही विचारलंत म्हणून : कुठला स्कोप घेऊ?

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात, चापडगावच्या काठावर, स्पॉटिंग स्कोप (लांबचे पक्षी पाहायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण) ट्रायपॉडवर लावला की कुणीतरी मागे येऊन उभं राहतंच. आधी डोळा लावून बघतात, मग विचारतात, "आम्हाला घ्यायचाय, कुठला घेऊ? किती एक्सचा?" त्या 'किती एक्स'पाशीच, म्हणजे किती पट मोठं दिसणार यापाशीच, घोडं पेंड खातं, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

इंटरनेटवर शोधलंत तर स्पॉटिंग स्कोपबद्दलचा बराचसा सल्ला अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी लिहिलेला सापडेल. समोरच्या डोंगरउतारावर एल्क (तिकडचं मोठं हरीण) दिसला, तर त्याची शिंगं केवढी आहेत ते लांबूनच पाहायचं आणि तिथवर चढून जायचं की नाही ते ठरवायचं, यासाठी त्यांना स्कोप लागतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीवर बंदी आहे. आपण स्कोप घेतो तो पाणथळीतल्या पक्ष्यांसाठी. शिकाऱ्याला शेवटी जवळ जायचं असतं, आपल्याला लांबच थांबायचं असतं. हजारो किलोमीटर उडून आलेला टिलवा, हा चिमुकला किनारी पक्षी, चिखलात पोट भरत असताना आपण दहा पावलं पुढे गेलो की सगळा थवा उठतो. प्रत्येक उड्डाणात त्यानं कमावलेली चरबी जळते. मला स्कोप प्रिय आहे तो यासाठी.

आता आकडे. '२०-६०×६५' म्हणजे वस्तू वीस ते साठ पट मोठी दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ६५ मिलिमीटर आहे. व्यासाला पटीनं भागा. वीसवर सव्वातीन मिलिमीटर जाडीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, साठवर जेमतेम एक. म्हणून साठवर चित्र मोठं होतं पण काळवंडतं. त्यात सकाळचे दहा वाजले की चिखलावरची हवा तापून लहरायला लागते. मग टिलवा आणि त्याच्यासारखाच दुसरा किनारी पक्षी बाकचोच तुतारी, दोघंही पाण्याखाली असल्यासारखे थरथरतात, आणि त्यावर कितीही महागड्या काचेचा इलाज नाही. माझं नव्वद टक्के पाहणं पंचवीस ते पस्तीस पटीत होतं. साठचा आकडा बघून पैसे मोजू नका.

८० मिलिमीटरचा स्कोप पहाटे आणि संध्याकाळी खरोखर उजवा ठरतो, पण तो जड असतो, आणि जड स्कोपला ट्रायपॉडही तसाच दणकट लागतो. माझी चूक इथेच झाली. सगळे पैसे स्कोपमध्ये घातले आणि उरलेल्यात एक हलका ट्रायपॉड घेतला. वारा सुटला की समोरचा चिखल्या पक्षी म्हणजे नुसती राखाडी रेघ. दोन हिवाळे असे गेले. शेवटी चांगला ट्रायपॉड घेतला, तेव्हा तोच जुना स्कोप नवा वाटायला लागला. त्यामुळे बजेटमधून आधी ट्रायपॉड आणि त्याचं मऊ फिरणारं हेड (स्कोप ज्यावर बसतो तो वरचा भाग) यांचे पैसे बाजूला काढा, उरलेल्यात बसेल तो ६५ चा स्कोप घ्या. निरीक्षण मनोऱ्यावर मात्र कुणी जिना चढलं तरी चित्र हलतं, तिथे श्वास धरून थांबण्यावाचून गत्यंतर नाही. भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यात पक्षी बघायला होडीतून जाणार असाल तर स्कोप घरीच ठेवा, होडीत साधी दुर्बीणच कामाची.

डोळा लावायची नळी सरळ असलेला की तिरपी असलेला? तिरपा घ्या. उंची सगळ्यात बुटक्या माणसाच्या बेतानं लावली की बाकीचे वाकून बघू शकतात. शाळेची मुलं सोबत असली की याचं मोल कळतं. तिरप्यातून पक्षी शोधायला सुरुवातीला वेळ लागतो, आठवडाभरात हात बसतो. चष्मा असेल तर तो न काढता चित्राचा पूर्ण गोल दिसतोय ना, हे दुकानातच पाहा. तिथेच रस्त्यापलीकडची एखादी तार आकाशाच्या पार्श्वभूमीवर बघा. कडेला जांभळी-हिरवी किनार ठळक दिसली, तर पांढऱ्या बगळ्याभोवतीही तीच दिसणार.

आत नायट्रोजन वायू भरलेला, पाणी न शिरणारा स्कोपच घ्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते आणि एकदा धरली की पुरती जात नाही. जून ते सप्टेंबर तो हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

मुंबईत शिवडीच्या खाडीकाठी जाणार असाल तर भरतीचं वेळापत्रक बघून जा. पाणी चढू लागलं की रोहित (फ्लेमिंगो) आपणहून काठाकडे सरकतात. कधी एखाद्या किनारी पक्ष्याच्या पायात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं घातलेली रंगीत पट्टी असते, तिच्यावर अक्षरं असतात. मागच्या हिवाळ्यात अशी एक पट्टी वाचायला मला चाळीस मिनिटं लागली. पक्षी चिखलात चोच खुपसत गोल गोल फिरत होता, एक अक्षर दिसायचं आणि पाय गाळात जायचा. शेवटचं अक्षर वहीत उतरवलं तेव्हाही तो तिथेच चरत होता.