तुम्ही विचारलंत म्हणून: डायपोल, इन्व्हर्टेड व्ही की व्हर्टिकल?

हॅम लायसन्स (हौशी रेडिओचा परवाना) हातात पडलं की सोलापूरकरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "गच्चीवर चाळीस मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) कुठला अँटेना लावू, आणि आधी कॉम्प्युटरवर बघता येईल का?" येईल की. अँटेनाचं मॉडेल बनवणारा ४नेक२ हा प्रोग्रॅम फुकट आहे, तसलाच ईझेडनेकही २०२२पासून फुकट झालाय. पण बरेच जण सर्वांत जास्त गेन (एखाद्या दिशेला लहरींचा जोर) कुणाचा तेवढंच बघतात, आणि तिथेच फसतात.

डायपोल म्हणजे मध्यावर केबल जोडलेली आडवी तार, इन्व्हर्टेड व्ही म्हणजे तीच मध्ये उचलून दोन्ही टोकं खाली उतरवलेली, आणि व्हर्टिकल म्हणजे उभा अँटेना. आधी बोलायचं कुणाशी ते ठरवा. पुणे इथून सरळ रेषेत साधारण २४० किलोमीटर, मुंबई ३५०. लहरी आयनोस्फिअर या वातावरणाच्या थरातून, ३०० किलोमीटर उंचीवरून परततात असं धरलं, तर पुण्यासाठी त्या जवळजवळ ७० अंशांत वर जायला हव्यात, मुंबईसाठी ६०. म्हणून तिन्ही अँटेनांचा गेन ६५ अंशांवर वाचा. १० मीटर उंचीचा डायपोल तिथे पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलपेक्षा १० डेसिबलच्या आसपास सरस निघतो. व्हर्टिकल खालच्या कोनात, परदेशी स्टेशनांसाठी चांगला; पुण्याला हाक मारायला तो काय कामाचा? इन्व्हर्टेड व्ही डायपोलच्या किंचित मागे, पण डांब एकच लागतो. अर्धा-एक डेसिबल समोरच्याच्या कानाला कळतही नाही, तेव्हा माझं मत व्हीला.

मॉडेल बनवताना घोळ होतो तो व्हीच्या माथ्यावर. नेक-२ हे या प्रोग्रॅमच्या आतलं गणिताचं इंजिन तारेचे छोटे तुकडे (सेगमेंट) करतं आणि सोर्स, म्हणजे सिग्नल देण्याची जागा, सेगमेंटच्या मध्यभागी धरतं, दोन तारांच्या सांध्यावर नाही. म्हणून माथ्यावर ०.६ मीटरची आडवी, एकाच सेगमेंटची तार घाला आणि सोर्स तिच्यात द्या. दोन्ही बाजूंच्या साधारण ९.७ मीटरच्या तारांना १५-१५ सेगमेंट, म्हणजे शेजारचे सेगमेंटही तेवढेच लांब होतात. सांध्याचे कोऑर्डिनेट तंतोतंत जुळवा. एका सेंटीमीटरची फट राहिली तरी प्रोग्रॅम तारा जोडत नाही आणि इम्पीडन्स (अँटेनाचा एसी विरोध) भलताच येतो. प्रोग्रॅम त्रिज्या मागत असेल तर व्यास भरू नका: दीड स्क्वेअर एमएमच्या वायरला ०.७ मिलिमीटर. मग लांबी कमी-जास्त करून प्रत्येक अँटेना ७.१ मेगाहर्ट्झला रेझोनन्सवर आणा, त्याशिवाय तुलना नको.

मॉडेलमधली जमीन सोमरफेल्ड-नॉर्टन पद्धतीची (खऱ्या मातीचा हिशोब धरणारी) निवडा. मिनिनेक या दुसऱ्या इंजिनावर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तार साडेआठ मीटरच्या खाली आली की फीडपॉइंटचे (केबल जोडतो तिथले) आकडे बिघडतात. आपली काळी माती पावसाळ्यात चिंब, मे महिन्यात भेगाळलेली. एकच आकडा कसा लागू पडणार? कंडक्टिव्हिटी (सीमेन्स प्रति मीटर) आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक अशा तीन जोड्या चालवा: ०.०३ व २०, ०.००५ व १३, ०.००१ व ५. व्हर्टिकल यात चांगलाच हलतो. त्याचे रेडियल (पायथ्याशी पसरलेल्या तारा) नेक-२मध्ये जमिनीत पुरता येत नाहीत, २० सेंटीमीटर वर ठेवा. तिन्ही वेळा क्रम तोच राहिला की झालं.

शेजारी यंत्रमागाची पत्र्याची शेड असेल तर चार-चार मीटरच्या चौकटींची तारेची जाळी करून तीही मॉडेलमध्ये घाला. स्लॅबमधल्या सळ्यांचा हिशोब मात्र इतक्या सहज बसत नाही.

आणि तार कापताना मॉडेलमधल्या लांबीपेक्षा अर्धा मीटर जास्तच ठेवा. मॉडेल उघड्या तांब्याचं असतं. पीव्हीसीच्या वेष्टनामुळे शेवटी २ ते ४ टक्के कमीच लागते, पण ती वर चढवून, एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना किती जुळला ते दाखवणारा) बघत, दोन्ही टोकांनी सारखी छाटायची.