सम की व्यस्त?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर मला विषय शोधावा लागला नाही. दहावीनंतर आयटीआयला टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर, झालो, आज कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे, आणि शाळेतलं जे गणित रोज कामी येतं ते गुणोत्तर-प्रमाण.

आमचे सर फळ्यावर आकडे मांडण्याआधी उदाहरण तोंडी बोलायला लावत. "एक वाढलं तर दुसरं वाढेल की घटेल?" याचं उत्तर दिल्याशिवाय खडू हातात मिळत नसे. भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं त्रैराशिकही, म्हणजे तीन माहीत राशींवरून चौथी काढायची रीत, त्यांनीच सांगितलं. प्रमाण, फल, इच्छा या त्या तीन राशी. व्यस्त, म्हणजे एक वाढलं की दुसरं घटतं, अशा त्रैराशिकाची रीत वेगळी का, तेही.

वर्कशॉपमध्ये याची पहिली गाठ पुलीशी पडते. मोटरचे मिनिटाला 1440 फेरे, तिच्यावर 4 इंची पुली, मशीनवर 12 इंची. पट्टा दोन्हीकडे तेवढाच सरकतो, म्हणून तिप्पट मोठ्या पुलीचे फेरे एक तृतीयांश, 480. सूत्र पाठ असलेली हुशार पोरंही घाईत 4320 सांगून मोकळी होतात.

पण गुणोत्तराचं खरं सौंदर्य दिसतं ते लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या मशीनवर, स्क्रूचे आटे पाडताना. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, एक फेरा फिरला की कापणारं टूल बरोबर एका पिचइतकं, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधल्या अंतराइतकं, सरकायला हवं. ते सरकवतो लीड स्क्रू, म्हणजे लेथचा लांब आटेदार दांडा, आणि त्याला किती फिरवायचं हे चेंज गिअर, म्हणजे बदलता येणारी दातेरी चाकं, ठरवतात. चालवणाऱ्या गिअरचे दात भागिले चालणाऱ्याचे दात, बरोबर हव्या असलेल्या आट्याचा पिच भागिले लीड स्क्रूचा पिच. एवढंच.

जुन्या लेथचा लीड स्क्रू इंचाला 4 आट्यांचा, म्हणजे पिच 6.35 मिमी. गिऱ्हाइकाला हवा 2 मिमी पिच. 2 भागिले 6.35 म्हणजे 40/127. एक इंच म्हणजे नेमके 25.4 मिमी, त्याची पाचपट 127, आणि 127 ही मूळ संख्या. तिला छेद जात नाही, त्यामुळे लहान गिअरांच्या जोडीनं हे गुणोत्तर तंतोतंत साधतच नाही. म्हणून लेथच्या पेटीत 127 दातांचं ते भलंमोठं गिअर असतं. ते नसेल तर 63 दातांवर भागवतात, 20/63. पिच येतो 2.016. नटापुरते चार-सहा आटे असतील तर चालून जातं. लांब स्क्रूला मात्र वीस आट्यांत 0.3 मिमीहून जास्त फरक साचतो आणि नट मध्येच अडकतो. मूळ संख्या शिकताना 'याचा उपयोग काय' असं विचारणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात ते गिअर द्यावं असं मला फार वाटतं.

यंदाच्या आठवीच्या वर्गाला माझं मनापासून आमंत्रण आहे. शनिवारी दुपारी मशीन मोकळी असतात. सरांबरोबर या, दात मोजा, गिअर स्वतः चढवा आणि पडलेला आटा पिच गेजला, म्हणजे पिच तपासायच्या दातेरी पट्टीला, लावून बघा.