मित्राच्या तोंडावर

माझ्या मित्राच्या टीममधली एक मुलगी त्याच्याबद्दल बोलायला थेट बेट्रिब्सराटकडे गेली. हे कर्मचाऱ्यांनीच निवडलेलं मंडळ. इथे जर्मनीत 1972 च्या कायद्यानुसार अगदी पाच कर्मचाऱ्यांच्या कंपनीतही ते स्थापन करता येतं. मित्राचा संतापून फोन आला, "अरे, आधी माझ्याशी बोलायचं ना तिनं!" ती आधी बोलली होती. त्यानंच मला तेव्हा सांगितलं होतं, पण ती तक्रार आहे हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

कामाला तो वाघ आहे. पण ज्युनियरनं केलेलं डिझाइन हा रात्री बसून स्वतः बदलतो आणि त्याला न सांगता पुढे पाठवून देतो. आपलं काम त्यात उरलेलंच नाही, हे त्या पोराला दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर कळतं. मित्राला वाटतं, आपण टीमचा भार हलका करतोय. पोरगं मात्र हळूहळू कामातून मन काढून घेतं, कारण कितीही नीट केलं तरी सकाळी ते बदललेलंच असणार. चुका चारचौघांत काढतो. कौतुक करतो ते माझ्यापाशी! "पोरगं फार हुशार आहे रे," हे मी कितीदा ऐकलंय. त्या पोराच्या कानावर ते कधीच गेलेलं नाही. शिवाय रात्री अकराला मेसेज. इथे एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग 11 तास विश्रांती द्यावी लागते, हे टीम चालवणाऱ्याला माहीत असायलाच हवं.

पुण्यात आम्ही ज्यांच्या हाताखाली शिकलो ते साहेबही ओरडायचे. पण उशीर झाला की स्वतः गाडीनं रूमवर सोडायचे, कुणाची आई दवाखान्यात असली की भेटून यायचे. त्या ओरडण्यामागची माया आम्हाला दिसायची. इथल्या माझ्या मॅनेजरला माझ्या घरी कोण कोण आहे हेही ठाऊक नाही, आणि ते मला आजही खटकतं. मित्रानं साहेबांचा ओरडा तेवढा इथे आणला. माया दाखवायची रीत मागेच राहिली.

रविवारी त्याच्या घरी जाऊन हे सगळं सांगितलं. वहिनी समोरच होत्या. त्या मधे पडल्या नाहीत. तो म्हणाला, "तूपण यांच्यासारखाच झालास." फार लागलं ते. मी म्हटलं, "यांच्यासारखा झालो असतो तर तुझ्या घरी येऊन बसलो नसतो."

बराच वेळ गप्प राहून त्यानं विचारलं, "मग तिच्याशी काय बोलू?" मी सांगितलं, आधी ऐक. ती बोलत असताना स्वतःची बाजू मांडू नकोस. आणि तिचं जे काम काढून घेतलंस ते तिला परत दे, मग ते तुझ्यापेक्षा कमी चांगलं झालं तरी चालेल. पहिल्या दोन गोष्टी त्यानं मान्य केल्या. तिसरीवर अजून वाद चालू आहे आणि मी माघार घेणार नाही.