'मेट' म्हणजे नेमकी कोणती गोळी?

जानेवारीत आईची झोप उडाली. रात्री दीड-दोनला दचकून उठायची, विहिरीत पडल्याची स्वप्नं पडतात म्हणायची. आमचं घर सोलापुरात होम मैदानाजवळ. तिथं गड्ड्याची जत्रा भरलेली, पाळण्यांचे भोंगे उशिरापर्यंत चालू. सगळं खापर तिकडंच फोडलं. गड्डा उठला, मैदान मोकळं झालं, तरी झोप काही येईना.

मग आठवलं, डिसेंबरात छातीत धडधड होते म्हणून एक गोळी नवीन सुरू झालेली. "नाव काय गं तिचं?"

"मेटची गोळी की. कशाला बघालायस मोबाईलात?"

शुगरसाठी मेटफॉर्मिन ती कित्येक वर्षं घेते, त्यामुळं माझ्या डोक्यात 'मेट' म्हणजे तेच. वाचून काढलं. पोटाच्या तक्रारी ठळक दिसल्या, झोपेचं काही नाही. विषय मिटवला आणि आणखी दोन आठवडे घालवले.

गोळ्या संपत आल्या तेव्हा आईचा स्टीलचा डबा घेऊनच मेडिकलवर गेलो. आत पट्ट्यांचे दोन तुकडे. दोन्हींवर कात्री नावातूनच गेलेली. एकावर 'मेट' आणि ५०, दुसऱ्यावर 'मेट' आणि ५००. मेडिकलवाल्यांनी चष्मा वर करून विचारलं, "बिल आहे का जुनं?" बिलावर मेटोप्रोलॉल ५० आणि मेटफॉर्मिन ५०० अशी दोन वेगळी औषधं. "कंटेंट वाचत जा, नुसतं मेट-मेट नको," म्हणाले. डॉक्टरांनी जेनेरिक नाव, म्हणजे कंपनीचं नव्हे तर औषधाचं मूळ नाव, स्वच्छ, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं असा नियम २०१६ पासून आहे. आमच्या चिठ्ठीत 'मेट'नंतर नुसती लाट होती.

घरी येऊन बिलाशी गोळ्या ताडून पाहिल्या. मेटोप्रोलॉल दोन कमी, मेटफॉर्मिन दोन जास्त. म्हणजे दोनदा तरी आईनं शुगरची समजून हृदयाचीच दुसरी गोळी घेतली होती. माझ्या पोटात गोळा आला. आई मात्र, "मेले नाही की अजून!"

दुसऱ्या दिवशी दोन्ही तुकडे आणि बिल डॉक्टरांपुढं ठेवलं. त्यांनी नाडी पाहिली, ५८. मग समजावलं. मेटोप्रोलॉल चरबीत विरघळतं, मेंदूपर्यंत पोचतं. काहींची झोप त्यानं तुटते, वाईट स्वप्नं पडतात, सगळ्यांना होतं असं नाही. पण मनानं एकदम बंद करायचं नाही, धडधड उसळून येते, छातीत दुखूही शकतं. अजून एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती: शुगर फार उतरली की जी धडधड होते, ती या गोळीनं झाकली जाते. घाम मात्र सुटतो. म्हणून रात्री उठेल तेव्हा आधी शुगर तपासा. दोन रात्री दोन वाजता आईचं बोट टोचलं. ११८ आणि १२६. शुगरचा दोष नव्हता.

आधी गोळी रात्रीऐवजी सकाळी केली. विहीर कमी झाली, गेली नाही. पंधरा दिवसांनी किडनीचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी त्याच जातीची, मेंदूत कमी शिरणारी गोळी दिली. आता आई पहाटे पाचपर्यंत झोपते. दुपारचा चहाही तिनं त्याच सुमारास कमी केला, त्यामुळं श्रेय नक्की कुणाचं हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

नव्या गोळीचं नाव अटेनोलॉल. आणि कोलेस्टेरॉलची जी रात्रीची गोळी आहे ती अटोरव्हास्टॅटिन. मी कपाळाला हात लावला. आईनं मात्र कपाटातून विडीच्या दोऱ्याची जुनी रीळ काढली. तीस वर्षं विड्या वळल्या आहेत तिनं. अटेनोलॉलच्या अख्ख्या पट्टीला दोन वेढे दिले, गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "दोऱ्याची ती सकाळची," म्हणाली, आणि पट्टी पुढं करून विचारलं, "आता पूर्ण नाव वाच बघू, सावकाश."