घारी बघायला माळावर कशाला?

“घारी तर आमच्या गच्चीवरूनही दिसतात. त्यांच्यासाठी पहाटे उठून बारामतीकडच्या सुप्याच्या माळावर कशाला जायचं?” लग्नकार्यात, सोसायटीच्या जिन्यात, कुठेही हा प्रश्न मला गाठतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गच्चीवरून दिसते ती काळपट तपकिरी, दुभंगलेल्या शेपटीची घार. मटणाच्या दुकानामागे, कचरा डेपोवर ती एवढी दिसते की तिला आपण उकिरड्याचीच मानून बसलोय. उकिरडा आपला आहे, तिचा नाही. माळावर हीच घार मेलेल्या ढोरावर उतरते. गवताला वणवा लागला की धुराच्या कडेकडेने फिरत जीव घेऊन पळणारे टोळ आणि सरडे उचलते. पहिल्या पावसानंतर वारुळातून उडालेल्या वाळव्या हवेतल्या हवेत पायाने धरते आणि उडता उडताच खाते. दिल्लीच्या कचऱ्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या काही घारींच्या पाठीवर संशोधकांनी उपग्रहाला खुणा पाठवणारी यंत्रं लावली, तेव्हा कळलं की त्या काराकोरमच्या रांगा ओलांडून पार कझाकस्तान, रशिया, मंगोलियाकडे अंडी घालायला जातात. हे वाचल्यापासून मी डेपोवरच्या घारीकडेही थांबून बघते.

पण मी माळावर जाते ती मुख्यतः कापशीसाठी. हीही घारच, पण कावळ्याहून लहान. पोट कापसासारखं पांढरं, पाठ राखाडी, खांद्यावर काळा डाग, आणि लालभडक डोळे. डोळे घुबडासारखे समोर वळलेले. पिसंही घुबडासारखीच मऊ, म्हणून ती उतरते तेव्हा आवाज होत नाही. दिवस उगवताना आणि मावळताना तिची शिकार जोरात असते. हवेत एका जागी पंख मारत ती थांबते तेव्हा सगळं अंग हलत असतं, मान मात्र खिळ्याने ठोकल्यासारखी स्थिर. मग पाय खाली सोडून एक टप्पा खाली येते, पुन्हा थांबते, अजून एक टप्पा. शेवटी पंख वर उभे करून गवतात पडते. दहातल्या कित्येक वेळा रिकामीच वर येते. मला तेही बघायला आवडतं.

तिचं मुख्य खाणं उंदीर. एका शाळूच्या रानाच्या बांधावर बाभळीवर कापशीचं घरटं होतं. त्या रानाचे मालक उंदरांना कंटाळून विषाचं आमिष घालायच्या बेतात होते. मी त्यांना बाभळीखाली पडलेल्या गोळ्या दाखवल्या. न पचलेले केस आणि हाडं कापशी अशी गोळी करून तोंडातून टाकते. काडीने एक फोडली तर आत केसांचा नमदा, हाडांचे तुकडे आणि उंदराचे दोन पिवळट पुढचे दात. ते बराच वेळ तळहातावर दात घेऊन बघत राहिले. “ताई, हे सगळं हिनं खाल्लं?” मी म्हटलं, हो मामा, आणि विष खाल्लेला उंदीर तिनं खाल्ला तर काही विषं तिच्याही अंगात उतरतात.

एवढ्यावर सारे उंदीर संपतात असं मी म्हणणार नाही. पीक दाट झालं की कापशीला खालचं दिसत नाही, आणि शेजारी माळ उरला नाही तर ती येणारही नाही.

माझी खरी कळकळ तीच आहे. कागदावर या जमिनीला पडीक म्हणतात. गवत दिसतं, झाड दिसत नाही, मग इथे काहीच नाही असं ठरतं. मयूरेश्वर अभयारण्य सुप्याजवळच आहे, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. त्याच्या बाहेरचा माळ कुणाचाच नाही असं समजून वापरला जातो. एका उन्हाळ्यात माझ्या नेहमीच्या टेकाडावर ओळीने खड्डे काढून गिरिपुष्पाची रोपं लावलेली दिसली. लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. पण कापशीला हवं ते उघडं गवत, त्यातला उंदीर, आणि मधूनच एखादी बाभूळ. गच्च झाडीत तिला शिकार करता येत नाही. माळावर झाडं लावली की तो हिरवा होतो हे मला पटत नाही. पावसाळ्यात तो हिरवाच असतो, आणि पिवळा पडतो तेव्हाही जिवंत असतो.

मामांनी विष घातलं नाही. हरभऱ्यात घाटेअळी खाणाऱ्या पक्ष्यांना बसायला काठ्या रोवतात तसे पक्षीथांबे त्यांनी शाळूच्या कडेने उभे केले, पण कणसांच्या वर निघतील इतके उंच. ही उंची मी सांगितली नव्हती. गेल्या थंडीत सकाळी सकाळी त्यांचा फोन आला, “ताई, थांब्यावर बसलीय. शेपूट वरखाली करतीय. कधी येताय?”